सुरुंगाचं पाणी

पिशोरजवळच्या आमच्या शेतामागच्या डोंगरात खडीची खदान निघाली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद वडिलांना झाला. त्यांनी उभ्या आयुष्यात सुरुंग पाहिला होता तो आमची विहीर खोदतानाचा. त्या दणक्यानं खडक फुटला, झरा मोकळा झाला आणि त्या पाण्यावर आमची मोसंबीची बाग उभी राहिली. त्यामुळं सुरुंग म्हणजे पाणी, असं त्यांचं सरळ गणित. गावात कुणी कुरकुर केली की ते सांगत, दणके बसू द्या, विहिरी तुडुंब होतील.

दणके बसले. दुपारी खदानीचा भोंगा वाजला की आई फळीवरचे डबे जमिनीवर उतरवायची आणि दणका झाला की परत मांडायची. पाहुणे आले तर त्यांनाही एकेक डबा धरायला मिळे. भिंतींना तडे गेले. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, काळ्या मातीमुळं. घर मुरमावर आहे, असं वडिलांनी सांगून पाहिलं. साहेबांनी चहा छान झाल्याचं सांगितलं.

डोंगर संपला तशी खदान जमिनीत उतरली, आमच्या विहिरीपेक्षा खोल गेली. विहिरीतलं पाणी एकेक पायरी सोडत गेलं आणि शेवटी तळ दिसला. मोसंबीची पानं गळायला लागली. मला फार राग येत होता. पण शहरातला, क्रांती चौकाजवळचा माझा फ्लॅट याच खडीचा, आणि गावी जायचा गुळगुळीत रस्ताही. तेव्हा कुठल्या तोंडानं बोलणार?

खदानीचा मालक मात्र दिलदार. बाग जगावी म्हणून त्यानं फुकट टँकर धाडला आणि सोबत फोटो काढायला माणूसही. त्या फोटोवाल्यानं टँकरपुढं नारळ फोडला आणि ड्रायव्हरनं पाइप आमच्या कोरड्या विहिरीत सोडला. वडील पायऱ्या उतरून खाली गेले, ओंजळभर पाणी प्यायले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

आले ते ड्रायव्हरला पाणी कुठून भरलं म्हणून विचारत. खदानीतूनच की, तो म्हणाला. तिथं खाली लई झरे लागलेत, उपसायला रातंदिस मोटार चालू असते.

"व्हय," वडील म्हणाले. "आपलंच हाय. चव वळखली म्या."

फोटोवाल्यानं फोन पुढं धरला आणि मालकांचे आभार माना म्हणाला. वडिलांनी हात जोडले, पण तोंड विहिरीकडं होतं. व्हिडिओत त्यांची नुसती पाठ आलीय.