उपरण्याखालची शाळा

आमच्या मास्तरांनी जेवढ्या माणसांचे हात हातात घेतले, तेवढे साऱ्या वऱ्हाडात कुणी घेतले नसतील. वैद्यांनी नाही, ज्योतिषांनी नाही आणि बांगड्या भरणाऱ्या कासारांनीही नाही. मी बोलताना पदरचं थोडं घालतो, अशी माझी गावभर ख्याती आहे. पण हे बोलणं शेराला शेर आहे. त्या काळी अकोल्याच्या कापूसबाजारात ज्याने ज्याने म्हणून गाडी सोडली, त्या प्रत्येकाचा उजवा हात एकदा तरी मास्तरांच्या उपरण्याखाली गेलेला होता. माझा तर इतक्या वेळा गेला की, बायको म्हणायची, लग्नात धरला त्यापेक्षा जास्त वेळ मास्तरांनीच धरला.

मास्तर पुण्याकडचे. अंगाने इतके सडपातळ की, वारा सुटला की आम्ही त्यांना गाडीच्या आडोशाला बसवत असू. सरकारने अकोल्यात नवी शाळा काढली आणि तिच्यावर त्यांना नेमलं. त्यांच्या अंगावर एक उपरणं असे. ते मुळात पांढरं होतं असं ते स्वतः सांगत, म्हणून आम्ही मानत होतो. बाजारात दिवसभर हिंडून त्यांच्या शेंडीत, भुवयांत, मिशांत कापसाचे पुंजके अडकलेले असत, आणि यंदाची पहिली वेचणी मास्तरांच्या डोक्यापासून करावी असं लोक म्हणत. आमच्याबरोबर ज्वारीची भाकर नि ठेचा खायला बसले की डोळ्यांतून धारा लागायच्या, पण "चविष्ट आहे हो" याखेरीज शब्द नाही. आमची बोली शिकायचा त्यांना भारी सोस. "मले आपलं म्हणणं नीटसं उमगलं नाही" असं काहीतरी बोलायचे. पुढचं चाक वऱ्हाडी आणि मागचं पुणेरी अशी ती गाडी असे, पण ती अडली मात्र कधी नाही. मातीत बोटाने काढलेल्या अक्षरावर चुकून पाय पडला, तर वाकून अक्षराला नमस्कार करत. एकदा माझ्या बैलाचा पाय पडला, तेव्हा बैलाच्या वतीनेही त्यांनीच नमस्कार केला.

मास्तर बाजारात का हिंडत, याचं कारण सोपं होतं. त्यांच्या शाळेत कुणी नव्हतं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि इथे आमच्या काळ्या रानातल्या कापसाला असा भाव चढला की, माणसं वेड्यासारखी वागू लागली. मी स्वतः बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या, आणि घरात पावसाळ्यात गळायचं ते गळतच राहिलं. अशा दिवसांत पोराला शाळेत कोण धाडतो? सगळी पोरं वेचणीला. मास्तर रोज सकाळी शाळा उघडत, रिकाम्या खोलीला हजेरी विचारत आणि मग पोरं शोधत बाजारात येत. तिथे त्यांना आम्ही सापडलो. हिवरखेडहून दोन दिवस गाडी हाकत यायचं आणि मापाची पाळी लागेपर्यंत आणखी दोन दिवस गाडीखाली लोळायचं, हा आमचा धंदा. इतकी रिकामी माणसं एका जागी बघून मास्तरांच्या तोंडाला पाणीच सुटलं असावं.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडीच्या साटीवर चढून मोठ्याने विचारलं, "सात आठे किती?" कुणी बोलेना. मला वाटलं, बिचारा परका माणूस, एवढा विचारतोय तर सांगावं. मी ठोकून दिलं, "चौसष्ट." ज्याला येत होतं तोही हसला आणि ज्याला येत नव्हतं तो त्याहून मोठ्याने हसला. संध्याकाळपर्यंत बाजारात माझं नाव चौसष्टराव पडलं. पुढच्या खेपेला लांबून मास्तर दिसले की मी पोत्याआड तोंड लपवू लागलो. मी शिकणार नव्हतो आणि माझं बघून दुसराही कुणी त्यांच्या जवळ फिरकेना. मास्तरांना याचं फार लागलं. एका माणसाची लाज आपल्या हातून गेली, असं ते म्हणत, आणि दोन दिवस जेवले नाहीत असं ऐकलं.

त्यातून वाट काढली ती रहीमचाचांनी. रहीमचाचा म्हणजे बाजारातले जुने दलाल. कापसाचा सौदा तेव्हा बोलून होत नसे. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात रुमालाखाली जाई आणि बोटं दाबून भाव ठरे, बघणाऱ्याला काही कळत नसे. मास्तर तो प्रकार बघत उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हे झाकायचं कशाला? रहीमचाचा म्हणाले, "मास्तर, रुमालाखाली भाव चुकला तर तो दोघांतच ऱ्हायते. चारचौघांत मानसाची इज्जत काहून घालवावी?"

मास्तर तिथल्या तिथे खाली बसले. बसले ते पोत्यावर नसून शेणावर, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या गाडीशी आले. उपरण्याचं एक टोक माझ्या हातावर टाकलं, खालून माझा तळवा धरला आणि त्यावर बोटाने पाच काढला, त्याच्या शेजारी सहा. छप्पन्न. सात आठे छप्पन्न. जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक झालं. मग आपला हात पुढे केला, म्हणजे आता तू काढ. मी काढलं. चुकलं. त्यांनी अंगठ्याने दोनदा दाबलं, त्याचा अर्थ "पुन्हा". मास्तरांच्या शाळेत चूक हा शब्दच नव्हता, अंगठा होता. अशी आमची शाळा सुरू झाली. आकडे झाले, बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, हा फाटका पुणेरी माणूस सगळ्या बाजाराचा कापूस एकटाच घेतो आहे की काय. माझी बोटं नांगराची. मी अक्षर काढलं की मास्तर कळवळत आणि हळूच म्हणत, "हळू, गणपत. तळहात आहे, शेत नव्हे." एवढं एकच वाक्य मी त्यांच्याकडून शेकडो वेळा ऐकलं असेल. त्यांच्या आळीतल्या कुणी तरी त्यांना विचारलं म्हणे, साऱ्या जातींचे हात धरता, घरी गेल्यावर आंघोळ करता की नाही? मास्तर म्हणाले, करतो, पण उजवा हात बाहेर ठेवून करतो, अक्षरं अजून ओली असतात.

आणि मग डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार असा सांगावा आला. शाळेत विद्यार्थी दिसले नाहीत तर शाळा बंद, हे ठरलेलंच होतं. मास्तर बाजारात आले, पण त्यांना विचारायचा धीर होईना. आम्हीच आपसांत ठरवलं. सतरा गाडीवान मापाची पाळी सोडून निघालो. रहीमचाचांनी सांगितलं, जा, तुमच्या गाड्यांकडे मी बघतो.

शाळेत बाकांवर आम्ही मिशीवाले कसेबसे मावलो. डिप्टीसाहेबांनी आमच्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं. हेच का विद्यार्थी, असं विचारलं. मास्तर हो म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "नऊ आठे किती?"

मला येत होतं. देवाशपथ येत होतं. पण मी आजवर मोठ्याने उत्तर दिलं ते एकच, आणि ते चौसष्ट होतं. माझी जीभ टाळूला चिकटली. साहेबांनी शेजारच्याला विचारलं, तो गप्प. तिसरा गप्प. सवयीने सगळ्यांच्या नजरा मास्तरांच्या खांद्याकडे गेल्या, आणि तिथे उपरणंच नव्हतं. साहेबांचा मान म्हणून मास्तर त्या दिवशी कुणाचा तरी मागून आणलेला कोट घालून आले होते. साहेबांनी लेखणी दौतीत बुडवली. मास्तर भिंतीला टेकले होते. त्यांचं तोंड इतकं पांढरं मी पुढे कधीच बघितलं नाही, आणि त्यांनी आमच्यावर एका शब्दानेही राग काढला नाही, हेच मला सहन झालं नाही.

मी उठलो. डोक्याचा पटका सोडला. सरकारी माणसापुढे बोडक्याने जाणं म्हणजे केवढा गुन्हा, पण दुसरं कापड आणायचं कुठून? पटका साहेबांच्या हातावर टाकला आणि म्हणालो, "साहेब, हात द्या. आमचं उत्तर असंच निंगते."

साहेब दचकले. मास्तर पुढे झाले, पण साहेबांनी त्यांना थांबवलं आणि हात उघडला. मी सात काढला, दोन काढला. साहेबांच्या भुवया आक्रसल्या आणि ते म्हणाले, "बहात्तर. बरोबर आहे. पण जरा बेतानं." मास्तर भिंतीपाशी हसले, आणि हसताहसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. ठेचा खाल्ला नव्हता, तरी.

मग सतराही जणांनी त्या पटक्याखाली हात घातला. कुणी आकडे काढले, कुणी आपलं नाव, आणि एकाने तर साहेबांचंच नाव काढून दाखवलं. परत जाताना साहेब आपला तळहात कोटाला चोळत होते. शाळा राहिली.

पुढे लढाई संपली आणि कापसाचा भाव आला तसा गेला. माझ्या बैलांच्या शेंब्या आधी गेल्या, मग एक बैल. पण तोवर मी कागद वाचायला शिकलो होतो. न वाचता अंगठा उठवायचा प्रसंग माझ्यावर आला नाही, माझ्या मुलांवर तर नाहीच. मास्तरांची बदली अमरावतीला झाली. निघताना ते सतराही जणांच्या गाड्यांपाशी जाऊन बैलांचाही निरोप घेऊन गेले.

गेल्या साली अमरावतीला लग्नाला गेलो होतो. मास्तर अजून आहेत असं कळलं, म्हणून पत्ता विचारत गेलो. ओसरीवर बसले होते. डोळे गेलेले, कान गेलेले. सून म्हणाली, आता कुणाला ओळखत नाहीत, जवळ बसा हवं तर. खांद्यावर उपरणं मात्र होतं. मी त्यांच्यासमोर बसलो. काय बोलणार, आणि बोललो तरी ऐकणार कोण? मग उपरण्याचं टोक त्यांच्या हातावर ओढलं, खाली त्यांचा तळवा धरला. कागदासारखा पातळ झाला होता. आपलं नाव काढावं म्हणून मी नुसता ग काढला, तोच त्यांचा हात आखडला.

"हळू, गणपत," मास्तर म्हणाले. "तळहात आहे, शेत नव्हे."

सून दारात थबकली. मला पुढचं अक्षर काढता येईना. मास्तर थोडा वेळ वाट बघत बसले, आणि मग त्यांनी अंगठ्याने माझा हात दोनदा दाबला. मी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून, अगदी हळू, नाव काढायला घेतलं.