कापडासमोर बोलणाऱ्या कत्तरीअक्का

कत्तरीअक्का कापडाला कात्री लावण्याआधी स्वतःशी मोठ्याने बोलत. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी बोलत. "बाही येते. गळा येतो. पाठीची पट्टी कधी कधी वाकडी जाते, तिथे हळू." एवढं झालं की खर्रकन कात्री. पहिल्यांदाच आलेली बाई हे ऐकून उठायच्याच बेतात असे. एकीने तर मोठ्या लगबगीने आपलं कापड उचललं आणि शेजारच्या दुकानात नेलं. अक्कांना त्याचं काही वाटलं नाही. "खरं ऐकून गेली ना, मग जाऊ दे," म्हणाल्या आणि पुढचं कापड ओढलं.

देवराज मोहल्ल्यात एका सराफाच्या दुकानावर त्यांचं ब्लाउजचं दुकान होतं. जिना अरुंद, वर दोन मशीनं, एक लांब टेबल आणि भिंतीवर विठोबा. घराणं शिंप्यांचं, कितीतरी पिढ्यांपासून म्हैसुरातलं. भाऊ शिकून नोकऱ्यांना लागले आणि वडिलांची कात्री बहिणीच्या हातात राहिली. कन्नड गिऱ्हाइकांनी कात्रीला कत्तरी म्हणत म्हणत त्यांचं नावच पाडलं. खरं नाव रेशनकार्डावर होतं, तेही चुकीचं. लग्न झालं नाही. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चौतिशीत होते. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता आणि मला शिवणातलं येत होतं ते साडीला फॉल लावणं आणि हातशिलाई. अक्कांनी माझी परीक्षा वगैरे घेतली नाही. स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं बारीक थरथरत होती. "हे बघ. डॉक्टर म्हणतो, वाढणार. दोन वर्षं की तीन, नोडोणा, बघू या. तोवर इथे कापणारा दुसरा हात तयार व्हायला पाहिजे. नाही झाला तर दुकान बंद. तुझी चूल बंद, माझी पण." अशी माझी नेमणूक झाली. दुसरीकडे कुठे काम मिळालं असतं तर मी त्याच पावली परत गेले असते.

कापणं शिवण्यासारखं नाही. शिवलेलं उसवता येतं. साडीतूनच निघालेला रेशमी तुकडा एकदा चुकीचा कापला, की तसा दुसरा जगात नसतो. हे मनात आलं की माझी कात्री हवेतच थांबे. घरी जाऊन मी रोज नवऱ्याला सांगे, "हे काही माझं काम नव्हे." तोही बिचारा रोज थकून ऐके. शेवटी माझ्या नणंदेने मला व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका शिबिरात नेलं. तिथे आरशासमोर उभं राहून सगळ्यांनी एकसुरात म्हणायचं होतं. जाताना छापील कागद मिळाला: "मी समर्थ आहे. मला सगळं येतं. मी कधीच चुकत नाही." तो मी माझ्या मशीनवर चिकटवला.

अक्कांनी चष्मा वर करून तो वाचला. हसल्या नाहीत. "हे कोणाला सांगतेस?"

"स्वतःला, अक्का. आत्मविश्वास येतो म्हणे."

"येऊ दे की मा. पण एकदा कापडाला पण सांगून बघ, ते काय म्हणतं." आणि कामाला लागल्या. मला राग आला. आयुष्यभर स्वतःला "पट्टी वाकडी जाते" म्हणून ऐकवणाऱ्या बाईने मला काय शिकवावं, असं वाटलं.

पंधरा दिवसांत कापडाने उत्तर दिलं. एका नवरीचा ब्लाउज होता. मोरपिशी रेशीम, काठाला जर. तुकडा अरुंद, म्हणून घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येत नव्हत्या, एकेक सुटी कापायची होती. अशा वेळी पहिली बाही झाली की नमुन्याचा कागद उलटून ठेवायचा असतो. मी मनात म्हणत होते, मी कधीच चुकत नाही, मी कधीच चुकत नाही. आणि म्हणता म्हणता कागद न उलटताच दुसरी कापली. दोन्ही बाह्या डाव्या. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं.

अक्कांनी दोन्ही उचलल्या, उजेडात धरल्या. "असू दे, होतं असं" हे त्या म्हणाल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. "चप्पल घाल," म्हणाल्या. तशाच भर उन्हात आम्ही लग्नघरी गेलो. वाटेत मी म्हटलं, आधी तयारीची चौकशी करू, मग हळूच सांगू. अक्का थांबल्या. "ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. तू चुकलीस ते तू सांग. मी शेजारी उभी राहते. तेवढं साकु, तेवढं पुरे."

मी सांगितलं. नवरीच्या आईने आम्हाला कन्नडमध्ये जे ऐकवलं, त्यातला शब्दन् शब्द आमच्या हक्काचा होता. तिचं बोलून झाल्यावर अक्कांनी तोड सांगितली: दोन्ही बाह्यांचा खांदा खालून नव्याने कापायचा, काठ शाबूत राहील, बाही दोन बोटं आखूड होईल. दुसरा इलाज नव्हता म्हणून ती कबूल झाली. आखूड बाहीच नवरीला खुलून दिसली, असं सांगायचा मला मोह होतो. पण तसं काही झालं नाही. बाही आखूडच दिसली आणि ते घर पुन्हा आमच्याकडे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा द्यायला म्हणून जिना चढले. टेबलावर नवं रेशीम पसरून ठेवलं होतं, आणि माझा शिबिराचा कागद, कोरी बाजू वर करून. "लिही," अक्का म्हणाल्या. "काल संध्याकाळपर्यंत तुला जे जे आलं, तेवढंच." मी रडत रडत लिहिलं: फॉल येतो. हातशिलाई येते. गळा तीनदा सरळ आला. मग पेन खाली ठेवलं. "आणि?" मी लिहिलं: सुटी बाही कापताना कागद उलटायचा. "हां. हे आता वाच, मोठ्याने. आणि काप. आज नाही कापलंस तर उद्या भीती दुप्पट होऊन बसेल."

मी वाचलं आणि कापलं. धैर्य वगैरे काही आलं नव्हतं. पण वाचलेलं सगळं खरं होतं, म्हणून त्यावर पाय ठेवता आला.

अक्कांना स्वतःबद्दल शंका नव्हती असं कोणी समजू नये. काही दिवस त्या सकाळपासून नुसते हुक निवडत बसत. रेशमाकडे पाहतसुद्धा नसत. मी एकदा विचारलं, विठोबाला नमस्कार करून सुरुवात का करत नाही? "त्याला बाहीतलं काय कळतं? उगाच त्याच्यावर कशाला घालू?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "शंका येते मा, मला पण येते. यायची ती येणारच. तिला बसायला स्टूल द्यायचं, हातात कात्री द्यायची नाही." त्या दिवशी त्यांनी दुपारी एक साधा सुती ब्लाउज कापला. रेशीम राहिलंच. "आज एवढंच होतं. अष्टे," म्हणाल्या आणि दुकान लावून घेतलं.

हात दोन वर्षं टिकला, तिसरं नाही. एका सकाळी त्या टेबलाशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "बाही येते," आणि थांबल्या. पुढचं वाक्य येईना. कात्रीची टोकं एकमेकांवर वाजत होती. मला ते पाहवेना. मी म्हटलं, "अक्का, असं काय करता? तुम्हाला सगळं येतं."

तेवढ्या वर्षांत त्या माझ्यावर एकदाच चिडल्या, ती ही वेळ. "तू मला तो कागद वाचून दाखवतेस? मला?" मग कात्री टेबलावर ठेवली. हळूच, एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "हात गेला. नजर आहे. तू काप, मी बघते." त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं बोलल्याने दुःख कमी होतं असं मला कधी दिसलं नाही. पण त्या दिवशीची सगळी कापडं कापून झाली, आणि चुकलं तिथे त्यांनी वेळेवर "हळू" म्हटलं.

वर्षभर असं चाललं. मग जिनाही चढवेना. म्हैसूरजवळच्या एच. डी. कोट्याला धाकट्या बहिणीकडे जायचं ठरलं. जायच्या आठ दिवस आधी त्यांनी एक जांभळा तुकडा माझ्यासमोर ठेवला. "माझा आहे. काप." अक्कांनी आजवर स्वतःचा ब्लाउज दुसऱ्या कोणाला कापू दिला नव्हता. वडिलांनाही नाही. त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, मुद्दाम. नजरही दिली नाही त्यांनी त्या दिवशी. मी मला येणारं सगळं मोठ्याने म्हटलं, येत नव्हतं तेही म्हटलं, आणि कापलं.

घालून बघितला. आरशासमोर उभ्या राहून एक हात वर केला, मग दुसरा. "डाव्या काखेत ओढतंय."

"उसवते, अक्का. आत्ता करून देते."

"बिडु मा, राहू दे. अंगाला बसलाय. ओढतो तेवढा ओढू दे."

आता मी त्यांच्या वयाला आले आहे. गुडघे बोलतात. सकाळी फोन उघडला की कोणी ना कोणी कळवलेलं असतं, तुम्ही अद्वितीय आहात. सकाळी सात वाजता मी अद्वितीय नसते. मला चहा हवा असतो. अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. बहिणीने निरोप पाठवला तोवर सगळं आटोपलं होतं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बसस्टँडवरच.

जांभळाच ब्लाउज घातला होता. बस हलली तशी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. उजवा हलवता येत नव्हता, म्हणून डावा. काखेत ओढत असणार, मला दिसत होतं. मी खालून ओरडले, "अक्का, हात खाली घ्या, शिलाई जाईल!" "जात नाही," त्या म्हणाल्या, आणि बस वळेपर्यंत हात खाली घेतला नाही.