थोरली, धाकटी आणि फक्कीची रेघ

आमच्या शहरात नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं. त्यामुळं मी ज्या घरी स्वयंपाकाला जाते तिथल्या साहेबांनी समुद्रावर राहायला जायचं काढलं, तेव्हा मला वाटलं, बिचारे पाण्यालाच कंटाळून चालले असतील. पण तसं नव्हतं. साहेबांनी वाळूजचा कारखाना विकला होता आणि सकाळी उठून कुणावर रागवायचं हा प्रश्न पडला होता. म्हणून शिडाची बोट घ्यायची, तिच्यातच घर करायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं हिंडायचं.

बोटी दोन पसंत पडल्या होत्या, दोन्ही मुंबईला. एक तीस फुटी, एक बेचाळीस फुटी. साहेबांची बायको, म्हणजे आमच्या बाई, त्यांना धाकटी आणि थोरली म्हणायच्या, सवतींना म्हणावं तसं. साहेब चार महिने दोघींत अडकले होते. धाकटी एकट्यानं हाकता येते, पण थोरली लाटेत कमी हलते. धाकटी कुठल्याही बंदरात शिरते, पण थोरलीत ताठ उभं राहता येतं. मी पोळी वाढायला जायची तेव्हा साहेब एकीकडं झुकलेले असायचे, भाजी वाढायला जायची तोवर दुसरीकडं. धाकटीच्या टाकीत दोनशे लिटर पाणी बसतं, ते दोन माणसांना आठ दिवस पुरेल का, याचा हिशेब त्यांनी एकदा जेवता जेवता बोटीच्या वहीत मांडला. बाई म्हणाल्या, या घरात आपण इतकी वर्षं तेच करतोय. साहेबांनी तेवढं लिहून घेतलं नाही. माझ्या घरी दोन ड्रम आणि पाच माणसं आहेत, पण मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले.

मी तशी गप्पच असते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, ते मास्तरांच्या महिनाभर ध्यानात आलं नव्हतं.

मग एका दुपारी साहेबांनी थोरलीचा नकाशा ओट्यावर पसरला. पुढच्या टोकाला एक तिकोनी खोली होती. "ही मावशींची," ते म्हणाले, आणि पंखासुद्धा आहे, असं सांगितलं. आठ महिने जायचं होतं. मी मान हलवली. माझी मान भीतीनंही तशीच हलते. लहानपणी मेंढरं धुताना मी कालव्यात घसरले होते. त्या पाण्याची चव अजून नाकात आहे. घरी पोरगी दहावीला. थोरली आली तर मला जावं लागणार, धाकटी आली तर मी सुटणार, कारण धाकटीत तिसऱ्या माणसाला जागाच नव्हती.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जा की. फुकटात समुद्र बघशील."

"मी काय मासा हाय का?"

"साहेब तरी कुठं हाय?"

त्या दिवसापासून मी धाकटीच्या बाजूची झाले. साहेब तिच्याकडं झुकले की त्यांच्या पोळीला तूप जास्त लावायची. याचा परिणाम त्यांच्या पोटावर झाला, विचारांवर नाही.

माझं माहेर सोयगावकडचं, मेंढरांमागं फिरणारं. पावसाळा सरला की आमचं बिऱ्हाड घोड्यावर निघायचं. राहायचं कापडी पाल केवढं न्यायचं, भांडी किती न्यायची, हे आई ठरवायची, बाप नाही. कारण पाल तिलाच ठोकायचं असायचं आणि तीन दगडांवर भाकरीही तिलाच थापायची असायची. साहेबांच्या वहीत बोटीविषयी शंभर प्रश्न होते. पाल ठोकणारीला विचारायचा त्यात एकही नव्हता.

शेवटी साहेबांनी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर फक्कीच्या रेघा मारल्या, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशा. थोरली पूर्ण मापाची आखली. खोल्या, स्वयंपाकघर, माझा तिकोनही. रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी तिच्यात राहून बघायचं. रेघेच्या बाहेर समुद्र. बाहेर पाय टाकला तो बुडाला.

मी शेगडीवर खिचडी टाकली. बाई छत्री लावून मटार सोलत बसल्या. साहेब मागच्या टोकाला खुर्चीत दोरी धरून बसले. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. एक शेळी समुद्रातून आली आणि साहेबांच्या झोपायच्या खोलीतून निघून गेली. साहेबांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात बंगल्याच्या पायरीवर राहिलेला साहेबांचा फोन वाजला. बोटवाल्याचा असणार. साहेबांनी रेघेकडं बघितलं, मग बाईंकडं. बाई मटार सोलत राहिल्या.

"मावशी, जरा आणता का?"

मी गेले, फोन आणला आणि रेघेबाहेर उभी राहून त्यांच्या हातात दिला. मग माझे पाय पुढं गेलेच नाहीत.

"या आत," साहेब म्हणाले.

"मी बुडले साहेब. आता कशी येऊ?"

साहेब हसले. "अहो मावशी, हा खेळ आहे."

"खेळातबी तुम्ही मलाच पाठवलं."

हे मी म्हणाले यावर माझाच विश्वास बसेना. बाई मटारची परात घेऊन उठल्या, रेघ ओलांडली आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मीपण बुडाले," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांभाळून जा."

फोनमधून बोटवाला हॅलो हॅलो करत होता. साहेब बेचाळीस फुटांत एकटे उभे होते, आणि एवढ्या जागेत एक माणूस लई बारका दिसतो. कप्तानानं बोट सोडायची नसते, म्हणून ते संध्याकाळपर्यंत आतच राहिले. शेगडी कशी बारीक करायची हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायला लाज वाटली असावी. खिचडी लागल्याचा वास आम्हा दोघींना किनाऱ्यावर आला.

धाकटी ठरली. बाई म्हणतात, बंदराला लागलात की भेटायला येईन. साहेब आता रोज अकरा वाजता ओट्याशी वही घेऊन उभे राहतात आणि मी त्यांना खिचडी शिकवते. पाणी किती, हे ते मिलिलिटरमध्ये विचारतात. मी तांदळावर बोट टेकवून पेर दाखवते. काल त्यांनी पट्टी आणून माझं पेर मोजलं.