वहीतली रेघ

अमेरिकेत मॉरिसव्हिलच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी कृष्णवर्णीय मुलगी सत्तावीस वर्षांची होती. २००५ साली तिच्या गर्भाशयात गाठी निघाल्या. तिने मला विचारलं, "उद्या डॉक्टरकडे माझ्यासोबत येशील? वही घेऊन?"

हा त्यांच्या घरचा दंडक. तिच्या आजीचं गर्भाशय काढलं होतं आणि आजीला ते कळलं कित्येक वर्षांनी. तेव्हापासून त्यांच्यातली एकही बाई बायकांच्या डॉक्टरकडे एकटी जात नाही. सोबतीण डॉक्टरांचा शब्द न् शब्द लिहून घेते. एरवी हे काम तिच्या आईचं, पण त्या जॉर्जियात पाय प्लास्टरमध्ये घालून बसल्या होत्या.

मी ऐटीत गेले. पण माझं बालपण 'कावळा शिवला' म्हणणाऱ्या घरातलं. डॉक्टर भराभर सांगत होते. मी तारखा लिहिल्या, गोळ्या लिहिल्या आणि तो शब्द आला तिथे चक्क रेघ ओढली. 'काढावं लागेल' एवढं ऐकूनच ती रडायला लागली होती. पुढचं काही तिच्या कानात शिरलंच नाही.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. "वाच, हनी."

रेघेपाशी मी अडखळले.

"काय काढायचं म्हणाले? नुसत्या गाठी?"

"गर्भाशय," मी पुटपुटले.

"मोठ्याने बोल. माझ्या आईच्या वेळी कुणीच मोठ्याने बोललं नव्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग स्पीकरवरूनच त्यांनी लेकीला सांगितलं, "काय करायचं ते तू ठरव. पण सगळं ऐकून ठरव."

लेकीला मूल हवं होतं. तिने दुसरी डॉक्टर शोधली आणि एवढं होऊनही मलाच सोबत नेलं, हे उपकार मी विसरणार नाही. तिथे ती पुन्हा रडायला लागली, तेव्हा मीच विचारलं, "गर्भाशय ठेवून फक्त गाठी काढता येतील का?" बाहेरच्या बायकांनाही ऐकू गेलं असेल.

"येतील," डॉक्टर म्हणाल्या. ते मी पूर्ण लिहिलं.

२००८ मध्ये तिला मुलगी झाली. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन मी बघायला गेले. मैत्रिणीच्या आईने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "हिच्या वेळी वही तुझ्याकडे," त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत मी माझ्या लेकीला पाळी, गर्भाशय, सगळं नावानिशी सांगायला सुरुवात केली.

"आई, प्लीज, स्टॉप!" ती किंचाळली.

मी थांबले नाही.