मंजूषाताईंचा स्पंज

पिपलानी वसाहतीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मंजूषाताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. मालवणच्या एका खडकावरून आणलेला जिवंत, नारिंगी समुद्री स्पंज त्यांनी घरी काचेच्या टाकीत सहा वर्षे जपला. पुढे समुद्र तापला आणि त्या खडकावरचे सगळे स्पंज सडून गेले. उरला तो हा एकच.

मे महिन्यात आईच्या आजारपणासाठी त्या दहा दिवस नागपूरला गेल्या. "पाणी कमी झालं की साधं पाणी घाला, भाऊ," असे त्यांनी मला बजावले होते. पण समुद्राच्या जिवाला साधे पाणी कसे सोसेल, म्हणून मी रोज त्यात मोजून मीठ घातले.

त्या परतल्या तेव्हा स्पंजावर पांढरे डाग पडले होते. बोट लागताच तिथला भाग गळून पडला.

"अहो, पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं! उन्हाची काहिली आणि वर एवढा खारटपणा. त्याच्या अंगात सुखानं नांदणारे जिवाणूच अशा वेळी त्याच्यावर उलटतात."

"मी एक दिवसही चुकलो नाही हो."

"चुकला असतात तर बरं झालं असतं!"

त्यांनी पाण्यातच ब्लेडने सडका भाग कापला. अंगठ्याएवढा चांगला तुकडा दुसऱ्या टाकीत ठेवला. चौथ्या सकाळी त्याच्याही मधोमध पांढरा ठिपका दिसला. ताईंनी ब्लेड उचलले आणि तसेच खाली ठेवले. कापून वाचवावे एवढे आता काही उरले नव्हते.