बेचाळीस दारांचा कौल

भांडुपला टेकडीच्या अंगावर बेचाळीस खोल्यांची एक चाळ आहे. तिच्या गेटची चावी दादू परबाच्या कमरेला. दादू एकेकाळचा गिरणी कामगार, गाव मालवणाकडचं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत चाळीने ठरवलं, बाहेरचा पाहुणा आत नाही आणि आतल्याने पाहुणचाराला जायचं नाही. लाट ओसरली, दुकानं उघडली, तसे लोक दादूच्या मागे लागले, गेट कधी उघडतोस?

खरी घाई त्यालाच होती. मुलुंडला त्याच्या लेकीला, तेजलला, मुलगी झालेली. नात चार महिन्यांची झाली तरी आजोबांनी तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं. फोनवर गाल ओढता येत नाहीत, हे तो ज्याला त्याला ऐकवायचा.

पण दादू गावपळणीतला माणूस. त्याच्या गावात काही वर्षांनी अख्खं गाव कोंबड्याकुत्र्यांसकट वेशीबाहेर राहायला जातं आणि तीन रात्रींनी देवाला कौल लावतं. पाषाणाला चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं तर घरी, नाहीतर मुक्काम वाढला. निघणं सोपं, परतणं कधी ते अवघड. त्याचा आजा एकदा कौलाआधीच विसरलेली विडी आणायला घरी पळाला, तर गाव त्याला मरेपर्यंत उंदीर म्हणत होतं.

तेव्हा दादूने चाळीचा कौल काढला. घरात कुणी आजारी नसेल त्याने सकाळी दाराला झेंडूचं फूल लावायचं. बेचाळीस दारांवर सलग चौदा दिवस फुलं दिसली की गेट उघडणार.

तेरा दिवस चाळ लग्नघरासारखी सजली. चौदाव्या पहाटे दादूचा घसा खवखवला, थर्मामीटर शंभरावर. तेजलची रिक्षा दुपारची ठरलेली. गिरणीत यापेक्षा जास्त तापात पाळ्या केल्यात, असं तो हातातल्या फुलालाच समजावत बसला. मग आजाची विडी आठवली. त्याने फूल तांब्यात ठेवलं आणि आज येऊ नको सांगायला तेजलला फोन लावला.

समोरच्या ऐंशी वर्षांच्या सोनूबाईने त्याचं बिनफुलाचं दार पाहिलं. “दादू, फूल खंय?”

“तांब्यात आसा, वयनी. आज दाराक नाय.”

गॅलरीत कुजबूज झाली, दोघातिघांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात चौथ्या खोलीतला राजेश बाहेर आला आणि त्याने आपलंही फूल काढलं.

“काका, तीन दिवस याचा वास येत नाय मला. माझ्यामुळे सगळ्यांचं मोडेल म्हणून गप्प बसलो.”

तपासणीत दादूचं साधं पडसं निघालं, राजेशचा करोना. सोनूबाईने आधी राजेशला भरपूर झापलं, मग रोज त्याच्या उंबऱ्यात पेजेचा डबा ठेवला. तो बरा झाल्यावर मोजणी पुन्हा एकपासून.

यावेळी चौदाही दिवस पुरे झाले. गेट उघडलं, नात आली. दादूने हौसेने गाल ओढला, तशी तिने भोकाड पसरलं, आणि दारावरचा झेंडू हाती लागताच गप्प होऊन तो सरळ तोंडात घातला.

“फोनवर किती शहाणी होती,” दादू म्हणाला, आणि दुसरा गाल ओढला.