तिसऱ्या गुंडाळीतले नऊ वेढे

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालीला, माझ्या घरी, तांदूळ निवडत होते. भावजय सुनंदा एवढंच म्हणाली, "वन्सं, या..." आणि मागं बायकांचं रडणं ऐकू आलं. तळ्याला, माझ्या माहेरगावी, पोहोचेपर्यंत दोन एसट्या बदलल्या, आणि खोटं कशाला सांगू, सगळ्या वाटेत मी त्याच्यावर रागावलेली होते. आठ वर्षांनी लहान माझ्याहून. त्याला कडेवर घेऊन मी बांधावरून हिंडलेय. मागं राहायची पाळी त्याची होती, माझी नव्हे.

मधू मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करायचा, म्हणजे जळलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचा. शाळा दहावीपर्यंतच, बाकी सगळं हातानं शिकलेला. पण मुरुडकडच्या एका कोळीवाड्यात दुरुस्तीला गेला आणि तिथं त्याला एक नवंच दुखणं सापडलं. वाड्यात घरांवर, लॉजवर, बर्फाच्या शेडवर सोलरच्या पाट्या बसलेल्या. सकाळी ठीक चालायचं. दुपारी ऊन चढलं की सगळ्यांची वीज एकदम तारेत शिरायची, दाब वाढायचा आणि पाट्या आपणहून बंद पडायच्या. हिराबाई म्हणून मासळीवाली आहे तिथं, ती त्याला म्हणाली, "दादा, ऊन हाय, पाट्या हायत, आन् बरफ तेवढा न्हाय. हसू का रडू?" ते वाक्य त्याच्या जिवाला लागलं. मला त्यानं समजेल असं सांगितलं, "ताई, हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे वरच्या खाचरातून खालच्यात पाणी सोडायला बांधात पाडलेली वाट. आता खालच्या खाचरातच झरे फुटलेत. पाणी उलटं चढतंय, आणि वाट आपली एकाच मापाची." वाट लहान-मोठी करायची तर वीज बंद करून हातानं खिटी फिरवावी लागते म्हणे. दिवसातून दहादा कोण फिरवणार? मधूला असा ट्रान्सफॉर्मर करायचा होता, जो चालू विजेत आपला आपण वेढे कमी-जास्त करील.

काही वर्षं तो त्याच्यामागं होता. ट्रान्सफॉर्मरमध्ये ओतायचं तेल आणलं की सुनंदा म्हणायची, "वन्सं, लोकांच्या सवती नटतात-मुरडतात, माझी तेल पिते!" तो हसायचा आणि पुन्हा शेडमध्ये जाऊन बसायचा. तीन गुंडाळ्या हव्या होत्या, तिन्ही तंतोतंत सारख्या. प्रत्येकीत नऊ थर आणि दर थराला तारेचं एक टोक बाहेर, हवे तेवढेच थर जोडून घ्यायला. दोन त्यानं एकट्यानं केल्या. मग डोळ्याचं ऑपरेशन झालं, बारीक तारेवर नजर ठरेना. मला बोलावलं, "ताई, मी गुंडाळतो, तू मोज. थर झाला की पुन्हा पहिल्यापासून." मी भात मोजणारी बाई. जन्मभर पायली भरत आले. भाताच्या पहिल्या मापाला म्हणतात तसं पहिल्या वेढ्याला मोठ्यानं "लाभ" म्हटलं, पुढचे मनातल्या मनात मोजले, तर हा खुशीत. "आई अशीच मोजायची गं." तीन दिवस आम्ही बसलो. मध्येच तो म्हणाला, "ताई, थर जरा दाटतोय." मी म्हटलं, "दाटणारच, तार ओढतोस कसली, बायको ओढल्यासारखी सैल." त्यावर सुनंदानं आतून चहाची भांडी आपटली... इतकं हसलो होतो आम्ही.

तपासणीला गेलेला तो ट्रान्सफॉर्मर नापास होऊन परत आला. मधूनं मला फोनवर सांगितलं, "तेल खराब निघालं, ताई." मी त्याला काय काय बोलले! "एवढी वर्षं घातलीस आणि तेल बघून घेता आलं नाही? निष्काळजी आहेस, पहिल्यापासूनचा." "खरंय तुझं," तो म्हणाला. पुन्हा मोजायला मात्र बोलावलं नाही. मी वाट पाहिली, मनातून थोडी रुसलेसुद्धा. त्यानंतर त्याची छाती दुखायला लागली, आणि मग तांदूळ निवडताना आलेला तो फोन.

तेराव्यानंतर ट्रान्सफॉर्मर तपासणाऱ्या केंद्रातल्या एक बाई भेटायला आल्या. वयानं लहान, पण मधूला फार मानायच्या. म्हणाल्या, "काकांची कल्पना खरी होती. तिसऱ्या गुंडाळीत दर थराला एक वेढा जास्त भरला, नऊ थरांत नऊ. तेवढ्यानं तिन्ही बाजूंचा मेळ बसेना. ती एक पुन्हा केली असती तर..." सुनंदा एकदम उठून आत गेली.

मला कळायला वेळ लागला नाही. माझ्या माहेरी "लाभ" हाच एक धरतात, त्याच्यापुढं दोन. सासरी लाभाचं माप देवाचं, ते हिशेबात नाही. त्याच्यापुढं एक. पन्नास वर्षं मी सासरच्या रीतीनं मोजतेय, म्हणजे माझा एक पडला तो दुसऱ्या वेढ्यावर. शेडमध्ये बसलेल्या आम्हा भावंडांपैकी एकालाही हे सुचलं नाही. आम्ही एकाच आईची लेकरं ना!

आत जाऊन सुनंदाला विचारलं. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "पाठवायच्या आधीच घरच्या मीटरवर फरक आला होता, वन्सं. म्हणाले, मीटर जुना झालाय, ताई मोजायला चुकत नाही. परत आल्यावर मग त्यांनी खोलून मोजलं. मला शपथ घातली, ताईला सांगायचं नाही."

मीटर खोटा ठरवला माझ्यासाठी. आणि मी त्याला निष्काळजी म्हटलं. ज्यांनी गमावलं ते गमावून बसलेत, तुम्ही वाचून हळहळाल, पण त्यानं काही परत यायचं नाही. तालुक्यात हे काम जाणणारा दुसरा कुणी नाही. हिराबाई परवा रडून गेली, आणि तिच्या वाड्यात दुपारी पाट्या बंद पडतात त्या पडतातच.

शेड मी एकदाच उघडली. तिसरी गुंडाळी त्यानं नव्यानं लावायला घेतली होती. एक थर पुरा, दुसरा अर्धा. रिळापासून साच्यापर्यंत तार तशीच ताणलेली आहे, मध्ये तो तार धरताना अंगठ्याखाली घ्यायचा ते फडकं अडकलेलं. सुनंदा विचारते, "वन्सं, कापून ठेवू का ती तार? जातायेता पायात येते." मी तिला अजून हो म्हटलेलं नाही. ती वाकून तारेखालून जाते, आणि मीही.